दोन डोळे, एक अंदाज

“माशीचे पंख चिमटीत धर,” असं मी मुलांना सांगायचे. समोर एक पुस्तिका, तिच्या पानावर घरमाशीचं भलंमोठं छायाचित्र आणि मुलाच्या डोळ्यांवर पोलरॉइडचा राखाडी चष्मा. ज्यांचे दोन्ही डोळे मिळून काम करतात, त्या मुलांचा हात पानापर्यंत पोचतच नाही. त्यांची चिमूट पानाच्या चारेक सेंटिमीटर वर, रिकाम्या हवेत मिटते. काही जण दचकून हात मागे घेतात, काही आईच्या पदरात तोंड खुपसतात. आणि काही मुलं बोट सरळ पानावर टेकवतात, पंख खरवडून बघतात आणि म्हणतात, “चित्र तर आहे!” ही शेवटची मुलं पुढे महिनोन्महिने माझ्याकडे येत राहायची.

माझं काम ऑर्थॉप्टिस्टचं. सांगली-मिरज पट्ट्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या नेत्रविभागात मी नोकरीचा बहुतेक काळ काढला. चष्म्याचा नंबर एका खोलीत निघायचा, डोळ्याचा दाब दुसरीकडे बघितला जायचा. माझ्याकडे यायचे ते तिरळेपणा असलेले, एका डोळ्यानं कमी दिसणारे, एकाचे दोन दिसणारे. डॉक्टर केसपेपरवर लिहून द्यायचे आणि तोंडानं सांगायचे, “दोघांचं जमतंय का बघा.” दोघं म्हणजे दोन डोळे.

इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली. अंतर डोळ्याला दिसत नाही, ते मेंदू ठरवतो. ठरवताना हाताशी जे मिळेल त्यावर तो भागवून नेतो आणि निकाल मात्र ठाम देतो. म्हणून ज्याच्याकडे पुरावा कमी आहे, त्यालाही आपल्याकडे काही कमी आहे असं वाटत नाही. माझ्यासमोर बसलेल्या माणसांपैकी फारच थोड्यांची तक्रार “मला खोली कळत नाही” अशी असायची. तक्रार असायची डोकेदुखीची, वाचनाच्या कंटाळ्याची, शाळेतल्या चिडवण्याची.

आधी थोडं या पुराव्याविषयी. डोळ्यातल्या पडद्यावर पडणाऱ्या प्रतिमेला लांबी-रुंदी असते, खोली नसते. पण मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं, त्यामुळे दोन डोळ्यांना मिळणारी चित्रं किंचित वेगळी असतात. नाकासमोर बोट धरून आळीपाळीनं एकेक डोळा मिटून बघा, बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतं. बोट जितकं जवळ तितकी उडी मोठी. मेंदू हाच फरक वाचतो आणि त्यातून खोली उभी करतो. हे नीट दाखवून दिलं चार्ल्स व्हीटस्टन यांनी. १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी आपला स्टीरिओस्कोप मांडला. दोन आरसे आणि प्रत्येक डोळ्याला दिसावं तसं वेगवेगळं काढलेलं एकेक रेखाचित्र, एवढाच त्याचा पसारा. फोटोग्राफी जगासमोर यायला अजून एक वर्ष होतं, त्यामुळे त्यांनी साध्या रेघांच्या आकृत्या वापरल्या. दोन सपाट आकृत्या एकत्र आल्या की एक घन आकृती हवेत उभी राहायची.

पुढे बेला युलेस या बेल प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी १९६० मध्ये याहून चक्रावणारी गोष्ट केली. त्यांनी संगणकाकडून नुसत्या ठिपक्यांच्या दोन चौकटी बनवून घेतल्या. कुठल्याही एका चौकटीत बघा, कसलाही आकार नाही, ठिपकेच ठिपके. मात्र एकीतल्या मधल्या चौरसातले ठिपके थोडे बाजूला सरकवलेले. दोन्ही चौकटी दोन डोळ्यांना एकदम दाखवल्या की तो चौरस वर तरंगायला लागतो. म्हणजे वस्तू ओळखण्याच्या आधीच मेंदू दोन चित्रांचा ताळमेळ लावून मोकळा होतो. आमच्या खोलीतल्या चाचण्यांच्या काही पुस्तिका याच तत्त्वावर बनलेल्या होत्या. त्या मला जास्त आवडायच्या, कारण त्यांच्यासमोर अंदाजपंचे काही चालत नाही.

मुलं अंदाज फार हुशारीनं बांधतात. माशीच्या पुस्तिकेत पुढे चार-चार वर्तुळांचे गट असतात, त्यातलं वर आलेलं वर्तुळ ओळखायचं असतं. पहिल्या काही गटांत ते वर्तुळ किंचित बाजूला सरकलेलं एका डोळ्यानंही टिपता येतं. मुलाला खोली दिसत नसली तरी “वेगळं” दिसतं, आणि मॅडमना वेगळंच हवंय हे त्याला ठाऊक असतं. तो बरोबर उत्तर देतो, आई खूश होते. अशा वेळी मी पुस्तिका उलटी करायचे, वरची कड खाली. आता जे वर यायचं ते आत खचतं. ज्याला खरंच खोली दिसते तो गोंधळून म्हणतो, “आता खड्डा झाला.” ज्यानं अंदाज बांधला होता तो पुन्हा “हेच वर आलंय” म्हणतो. मुलाला खोटं बोलायचं नसतं. समोरच्या मोठ्या माणसाला काय हवं ते देण्याची त्याला शाळेनं सवय लावलेली असते.

सिनॉप्टोफोर नावाचं एक यंत्र आमच्याकडे होतं. दोन नळ्या, एकीत सिंहाचं चित्र, दुसरीत पिंजऱ्याचं. “सिंहाला पिंजऱ्यात घाल,” म्हटलं की मूल दांडा हलवून सिंह सरकवतं. एक मुलगी दर वेळी सिंहाला पिंजऱ्याच्या दारापर्यंत आणायची आणि थांबायची. विचारलं तर म्हणाली, “जवळ आला की तो पळून जातो.” मग पलीकडून यायची, पुन्हा तेच. तिरळ्या डोळ्यातून येणारं चित्र दुसऱ्या चित्रावर पडायला लागलं की तिचा मेंदू ते पुसून टाकायचा. एकाचे दोन दिसण्यापेक्षा एक चित्र गाळणं त्याला परवडत होतं. पाठ्यपुस्तकात याला सप्रेशन म्हणतात. त्या मुलीनं मला ते पुस्तकापेक्षा चांगलं समजावलं, आणि पुढे नव्या विद्यार्थ्यांना शिकवताना मी तिचंच वाक्य वापरत राहिले.

मेंदूचं हे पुसणं इतकं सफाईदार असतं की मोठेपणीही त्याचा पत्ता लागत नाही. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत अडकलेला एक तरुण माझ्याकडे आला होता. लहानपणी एका डोळ्याचा नंबर मोठा, चष्मा लागलाच नाही, डोळा मागे पडलेला. त्याला माशी सपाट, वर्तुळं सपाट, ठिपक्यांत काहीच नाही. मी विचारलं, “थ्रीडी सिनेमा बघितलास कधी?” म्हणाला, “बघितला की, छोटा चेतन. सगळे हात पुढे करत होते, मीही केला.” त्याला वाटलं होतं की थिएटरात असं करायचीच पद्धत असते. तो हसत हसत सांगत होता, आणि सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की बाकीच्यांना खरोखर काहीतरी हाताशी आल्यासारखं दिसत होतं. त्यानंतर बराच वेळ तो माझ्याकडे बघून एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत राहिला: “म्हणजे तुम्हाला नेमकं कसं दिसतं?” याचं उत्तर देण्याचे मी अनेक प्रयत्न केले. समाधानकारक एकही नाही.

या नोकरीत माझा दृष्टिकोन बदलला तो हुपरीकडच्या एका चांदी कारागिरामुळे. पैंजणांच्या बारीक कड्या जोडण्याचं काम. पन्नाशी ओलांडलेला, जवळच्या चष्म्यासाठी आलेला, आणि एक डोळा लहानपणापासून आत वळलेला. मी चाचणी केली. खोलीचा गुण शून्य. पुस्तकाप्रमाणे या माणसाला सुईत दोरा ओवायलाही त्रास व्हायला हवा. त्यानं खिशातून पैंजणाचा एक तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “हे मीच केलंय, मॅडम.” सांध्यांमध्ये खोट काढायला जागा नव्हती.

मी त्याला काम करून दाखवायला सांगितलं. तो मनगट टेबलाला टेकवायचा, म्हणजे हात आणि वस्तू यांतलं अंतर बोटांना आधीच ठाऊक व्हायचं. मान अगदी थोडी डावी-उजवीकडे डोलवायचा, त्यानं जवळची कडी जास्त सरकायची, लांबची कमी. दिवा एका बाजूला असायचा, चिमट्याची सावली कडीवर येऊन टेकली की टोक भिडलं. यातलं काहीही त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि विचारलं तेव्हा आपण मान डोलवतो हेही त्याला माहीत नव्हतं.

मेंदूपुढे अंतराबद्दल बोलायला बरेच साक्षीदार उभे असतात. दोन डोळ्यांच्या चित्रांतला फरक हा त्यातला एक. डोळे किती आत वळले, भिंग किती फुगलं, हे जवळच्या वस्तूंपुरते बोलणारे दोन. कुठली वस्तू कुणाला झाकते, रूळ दूर जाताना कसे एकत्र येतात, ओळखीची वस्तू किती लहान दिसते, सावली कुठे पडते, आपण हललो की काय किती सरकतं, हे बाकीचे. यांना दुसऱ्या डोळ्याची गरज नाही. आंबा घाटातून खाली बघताना डोंगरांच्या रांगा एकामागे एक निळ्या-फिकट होत जातात तो हवेचा साक्षीदार. पावसानं हवा धुतली गेली की तो साक्ष बदलतो आणि कालचा लांबचा डोंगर आज अंगावर आल्यासारखा वाटतो. आमच्या पुस्तिका फक्त पहिल्या साक्षीदाराची उलटतपासणी करतात. कारागिरानंतर मी प्रत्येक रुग्णाला पुस्तिका दाखवण्याआधी तो दारातून कसा येतो, उंबरठा कसा ओलांडतो, खुर्ची कशी ओढतो हे बघायला लागले. त्यातून जे कळायचं ते गुणांच्या तक्त्यात सापडत नाही.

याच्या उलटही घडायचं. गळिताच्या हंगामात रात्रीच्या अपघातातले जखमी आमच्या रुग्णालयात नेहमीच यायचे. एकदा दुचाकीवरचा एक शिक्षक आला. समोरून येणारा एकच दिवा बघून त्याला वाटलं होतं की मोटारसायकल आहे, बाजूनं निघून जाईल. तो उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर निघाला, एक दिवा बंद पडलेला. चेहऱ्याची जखम भरल्यावर डोळे तपासायला त्याला माझ्याकडे पाठवलं. त्याची खोलीची नजर उत्तम होती, चाळीस सेकंद. सेकंद हे इथे कोनाचं माप आहे, एका अंशाचा छत्तीसशेवा भाग. तो विचारत होता, “डोळे एवढे चांगले, मग कळलं कसं नाही?”

मी त्याला कागदावर गणित करून दाखवलं. तो गणिताचाच शिक्षक होता. चाळीस सेकंदांची नजर असलेला माणूस चाळीस सेंटिमीटरवर धरलेल्या दोन सुयांमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा मागे-पुढेपणा ओळखतो. पण हा फरक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो. शंभर मीटरवर त्याच नजरेला जवळजवळ तीस मीटरचा फरक असला तरच कळतो. दोन डोळ्यांची देणगी हाताच्या टप्प्यातल्या कामांसाठी आहे. रस्त्यावर, तेही अंधारात, मेंदू ओळखीवर चालतो: दोन दिव्यांमध्ये किती अंतर दिसतं, त्यावरून गाडी किती लांब. दिवाच एक असेल तर गाडीची रुंदीही हरवते आणि अंतरही. त्या शिक्षकानं तो कागद घडी करून नेला. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर लावण्याची जी मोहीम दर हंगामात निघते, ती मला तेव्हापासून नेत्रविभागाच्या कामाचाच भाग वाटत आली आहे.

उसाच्या पट्ट्यात आणखी एक नेहमीचा रुग्ण म्हणजे पाल्यानं डोळ्याला इजा झालेला. पात्याची धार बुबुळाला लागते, जखम साधी वाटते, घरगुती उपाय होतात, मग बुरशी धरते. काहींचा डोळा वाचायचा, काहींचा जायचा. मुलांमध्ये विटी-दांडू, धनुष्यबाण आणि दिवाळीचे फटाके. एक डोळा अचानक गेलेल्या माणसाची अवस्था जन्मापासून एका डोळ्यावर असणाऱ्यापेक्षा फार वेगळी असते. कारागिराचा मेंदू पन्नास वर्षं दुसऱ्या साक्षीदारांवर तयार झाला होता. याचा मेंदू अजून गेलेल्याची वाट बघत असतो.

अशा तरुणांना धीर द्यायला सगळे जण पतौडींचं नाव घ्यायचे. उदाहरण खरंच विलक्षण आहे. १९६१ च्या जुलैमध्ये इंग्लंडमध्ये मोटार अपघातात मन्सूर अली खान पतौडींचा उजवा डोळा कायमचा अधू झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते पहिली कसोटी खेळले, १९६२ च्या मार्चमध्ये एकविसाव्या वर्षी भारताचे कर्णधार झाले, आणि १९६४ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध नाबाद २०३ धावा केल्या. सुरुवातीला त्यांना एका चेंडूचे दोन दिसायचे, त्यातला आतला ते खेळायचे. पुढे उजव्या डोळ्याचं धूसर चित्र नको म्हणून टोपीची कड त्या डोळ्यावर ओढून खेळायला लागले. हे मीही सांगत आले. पण एका शेतकऱ्यानं मला शांतपणे ऐकवलं, “मॅडम, ते नवाब. मला चहा ओतायचाय.” त्याच्या हातून चहा कपाबाहेर सांडत होता, आणि घरचे काही बोलत नव्हते हे त्याला जास्त लागत होतं.

तेव्हापासून आम्ही चहापासूनच सुरुवात करायचो. किटलीची चोच कपाच्या काठाला टेकव, मग ओत. हात मिळवताना तू हात पुढे करून थांब, समोरच्याला येऊ दे. जिना उतरताना पहिली पायरी पायानं चाचप. गर्दीत गेलेल्या डोळ्याच्या बाजूला घरच्या माणसाला ठेव. बसल्या जागी मान थोडी हलवून खोलीतल्या वस्तू बघ, कुठली जास्त सरकते ते बघ. काही महिन्यांत बहुतेकांची मान आपोआप हलायला लागते. पुन्हा तपासायला आलेल्या माणसाला “किती दिसतं” असं विचारण्याआधी मी विचारायचे, “चहा कोण ओततं?”

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचं जुनं युगही मी थोडं पाहिलं. तेव्हा डोळ्यात भिंग बसवणं आमच्याकडे सर्रास नव्हतं, भिंग काढून दहा नंबरच्या आसपासचा जाड चष्मा द्यायचे. त्या चष्म्यातून जग सुमारे पाव पटीनं मोठं दिसायचं. मोठं दिसणारं मेंदूला जवळ वाटतं, म्हणून आजी पेल्यासाठी हात पुढे करायच्या तो अलीकडेच मिटायचा. दाराची चौकट वाकडी दिसायची, पाऊल उगाच उंच पडायचं. एका डोळ्याचीच शस्त्रक्रिया झाली असेल तर दोन डोळ्यांची चित्रं लहान-मोठी, एकत्र येणारच नाहीत. पुढे कृत्रिम भिंगं सर्वत्र आली आणि हे दुखणं मागे पडलं. पण साध्या चष्म्याच्या काचेत सिलेंडरचा नंबर पहिल्यांदा आला की आजही माणूस सांगतो, “जमीन एका बाजूला कललीय.” काच बरोबर असते. मेंदूला नव्या साक्षीची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, आणि तेवढा धीर धरायला सांगणं हेही आमचंच काम असतं.

आता सगळ्यात अवघड भाग, वयाचा. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६० च्या दशकात मांजराच्या पिल्लांवर प्रयोग केले. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत एक पापणी शिवून ठेवली, तर नंतर तो डोळा उघडूनही मेंदूतल्या दृष्टीच्या पेशी त्याला फारसा प्रतिसाद देत नाहीत. डोळा निरोगी, पण त्याची जागा दुसऱ्या डोळ्यानं घेतलेली. मोठ्या मांजरात असं होत नाही. तिरळेपणा असलेल्या पिल्लांत बहुतेक पेशी दोन डोळ्यांऐवजी एकेकाच डोळ्याशी जोडलेल्या राहतात. १९८१ च्या नोबेल पारितोषिकात या दोघांचा वाटा होता. माणसाच्या बाळात दोन डोळ्यांची ही खोलीची जाण साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात दिसायला लागते, आणि पुढची काही वर्षं ती पक्की होत जाते. त्या वर्षांत डोळे सरळ नसतील, किंवा एकाचा नंबर मोठा राहिला, तर नुकसान होतं ते मेंदूत.

हे सगळं आईवडिलांना पटवायचं ते कुठल्या वातावरणात? “थोडी तिरपी नजर शुभ असते,” असं आजी सांगतात. “मोठा झाला की आपोआप सरळ होईल,” असं शेजारी सांगतात. मुलगा असेल तर निदान शाळेत चिडवतात म्हणून तरी आणतात. मुलगी असेल तर कित्येकदा विशी जवळ आल्यावर. एक आई मला म्हणाली होती, “पुढच्या महिन्यात तिला बघायला येणार आहेत, तेवढ्यात सरळ करून द्या.” शस्त्रक्रियेनं डोळे सरळ झाले, आणि ते व्हायलाच हवे होते, मान वर करून बोलता येणं ही छोटी गोष्ट नाही. पण तिच्यासाठी माशी सपाटच राहिली. त्या घरात याविषयी कुणी विचारलंही नाही.

वेळेवर आलेल्या मुलांसाठी उपाय जुना आणि साधा आहे: योग्य चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. सुरुवातीच्या काळात आम्ही दिवसभर पट्टी सांगायचो. मुलं ती ओढून काढायची, आया रडकुंडीला यायच्या, बाप म्हणायचे “राहू दे.” २००३ मध्ये अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेला एक अभ्यास आला. मध्यम प्रमाणात मागे पडलेल्या डोळ्याला दिवसाला दोन तासांच्या पट्टीनं सहा तासांइतकाच फायदा झाला होता. घराघरांतली भांडणं त्या निष्कर्षानं कमी केली. दोन तास पाळले जातात, सहा तास फक्त केसपेपरवर राहतात. उपचार किती चांगला हे जितकं महत्त्वाचं, तितकंच तो घरात किती टिकतो हेही.

पट्टीनं त्या डोळ्याचं वाचन सुधारतं, पण दोघांचा मेळ बसेलच असं नाही. ज्यांचा डोळा मधूनच बाहेर जातो आणि एरवी सरळ असतो, त्यांच्या बाबतीत आशा जास्त असते. अशी एक महाविद्यालयीन मुलगी आठवते. आम्ही तिला मणी ओवलेल्या दोरीचे व्यायाम दिले. दोरीचं एक टोक नाकाला, दुसरं दाराच्या कडीला. मण्याकडे बघितलं की दोऱ्या दोन दिसायला हव्यात आणि त्या मण्यापाशीच एकमेकींना छेदायला हव्यात. छेद मण्याच्या मागे गेला तर डोळे बाहेर सुटले आहेत. कंटाळवाणा व्यायाम आहे, पण तो स्वतःची चूक स्वतः दाखवतो. काही महिन्यांनी ती आली आणि तक्रारीच्या सुरात म्हणाली, “बसमध्ये माणसं फार जवळ येतात हो.” माणसं तेवढीच जवळ असायची. आता त्यांच्यामधली मोकळी जागा तिला दिसत होती, आणि ती कमी होती.

सुसान बॅरी या अमेरिकी मेंदू-शास्त्रज्ञ तान्हेपणापासून तिरळेपणा असलेल्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी व्यायामांनी त्यांना खोली दिसायला लागली. ऑलिव्हर सॅक्स यांनी २००६ मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं, त्यांनी स्वतः २००९ मध्ये पुस्तक लिहिलं. आमच्या पिढीनं घोकलेली “ठरावीक वयानंतर काही होत नाही” ही रेघ त्यामुळे पुसट झाली. दिल्लीत पवन सिन्हा यांच्या प्रकल्पात जन्मतः आंधळ्या मुलांवर उशिरा शस्त्रक्रिया झाल्या. २०११ च्या अभ्यासात दिसलं की हातानं चाचपलेली वस्तू त्यांना डोळ्यानं लगेच ओळखता येत नाही, पण थोड्याच दिवसांत यायला लागते. शिवाय त्यांना चित्रांतल्या वस्तू सुट्या करायला हालचालीची मोठी मदत होते. तो कारागीर मान का डोलवत होता, याला यातून मला आणखी आधार मिळाला.

तरीही मोठ्या वयाच्या रुग्णाला मी बॅरींची गोष्ट आश्वासन म्हणून कधी सांगितली नाही. मी सांगायचे की काही जणांना थोडं मिळतं, बऱ्याच जणांना मिळत नाही, आणि एका डोळ्यावर माणूस कारागिरी करतो, शेती करतो, कर्णधारही होतो. तपासणी कशासाठी, असं मग कुणी विचारतं. त्याला कुठली कामं जड जातील, जिन्यावर दिवा कुठे हवा, मुलीला चेंडू झेलता येत नाही म्हणून तिला वेंधळी म्हणायचं का, हे ठरवायला तपासणी लागते.

सेवानिवृत्तीनंतरही अंगणवाड्यांमधल्या तपासणी शिबिरांना मी जाते. तिथे पालकांना एकच गोष्ट करून बघायला सांगते, तिला यंत्र लागत नाही. मूल टीव्हीत किंवा मोबाइलमध्ये रमलेलं असताना खेळता खेळता त्याचा एक डोळा तळहातानं झाका, मग दुसरा. दोन्ही वेळा मूल तसंच बघत राहिलं तर ते चांगलं लक्षण, तरी शाळेत घालण्याआधी एकदा डोळे तपासून घ्याच. एक डोळा झाकल्यावर ते निवांत राहिलं आणि दुसरा झाकल्यावर मात्र हात झटकून चिडलं, तर रागावू नका आणि वाढदिवसाची किंवा सुट्टीची वाटही बघू नका. तुम्ही त्याचा एकमेव कामाचा डोळा झाकला असण्याची शक्यता आहे. त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे जा.